कातड्याची पारख

खामगावच्या माणसाला काही विकायचं म्हणजे धाडसाचं काम. गाव चांदीचं, त्यामुळे पैंजण हातात आला की तो आधी वजन बोलतो, मग शुद्धता, आणि मग दुकानदाराच्या आजोबांचं नाव. गाव कापसाचंही, इतकं की 1870 साली इंग्रजांनी कापूस न्यायला जलंब ते खामगाव असा रेल्वेचा फाटाच टाकला. इथला शेतकरी चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढतो आणि धागा किती लांब ते सांगतो. मशीन नंतर तेच सांगतं, फक्त कागदावर. बैलाच्या बाजारात तर विचारूच नका. दात, खूर, शिंगांची ठेवण, शेपटीचा गोंडा, चाल आणि नजरेतला स्वभाव एवढं बघून झालं की रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. गुरं विकणारा हेडी गिऱ्हाइकाकडे बघून हसतो, गिऱ्हाईक हेडीकडे बघून हसतं, आणि फसलं कोण हे फक्त बैलाला ठाऊक असतं.

हाच माणूस कातड्याचं पाकीट घ्यायला निघाला की मात्र त्याची सगळी विद्या उतरते. जनावर चालतं-फिरतं असेपर्यंत तो तज्ज्ञ. तेच कातडं कमावून, रंगवून, घडी घालून काचेच्या पेटीत ठेवलं, की तो दुकानदारालाच विचारतो, "ओरिजिनल हाय ना भाऊ?" यावर दुकानदार 'नाही' म्हणाल्याची नोंद जिल्ह्याच्या इतिहासात नाही.

अस्सल कातडं ओळखण्याच्या परीक्षा आमच्याकडे आहेत, नाही असं नाही. पहिली वासाची. पाकीट उघडून त्यात नाक खुपसायचं आणि डोळे मिटायचे. आता कातड्याचा वास बाटलीतही मिळतो आणि तो रेक्झिनवर फवारता येतो, हे डोळे मिटलेल्या माणसाला कोण सांगणार? दुसरी नखाची. ओरखडा उठला तर "नरम हाय, अस्सल हाय", नाही उठला तर "मजबूत हाय, अस्सल हाय". तिसरी परीक्षा आगीची, आणि ती विकणारा स्वतः घेतो. बसस्टँडवर, यात्रेत, रेल्वेच्या फलाटावर पाकीटवाला लायटर पेटवतो आणि ज्योत पाकिटावरून अशी चपळाईने फिरवतो, की खाली वर्तमानपत्र धरलं असतं तरी पेटलं नसतं. अस्सल कातडं जळतच नाही, ही समजूत याच मंडळींनी गावोगाव नेली. कातडं जळतं. जळलेल्या केसांचा वास येतो आणि कड कोळपते. प्लास्टिक मात्र वितळून गोळा होतं. पण ही परीक्षा नीट घेतली तर निकाल लागतो आणि पाकीट जातं, म्हणून ती नीट घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. चौथी परीक्षा सगळ्यांत लोकप्रिय. "मावसभावानं कानपूरहून आणलं." मावसभाऊ कानपूरला गेला होता हे सिद्ध झालं, की पाकीटही अस्सल ठरतं.

पाकिटावर इंग्रजीत 'जेन्युइन लेदर' असं ठोकलेलं असलं की आपण निर्धास्त होतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे कातडं आहे. कुठल्या थराचं, हे तो शिक्का सांगत नाही. म्हशीचं कातडं जाड असतं, ते यंत्रावर आडवं चिरून त्याचे थर काढतात. वरचा थर, ज्यावर केसांची छिद्रं असतात, तो खरा दाट आणि चिवट. खालचा थर भुसभुशीत. त्यावर रंगाचा लेप देऊन वरून साच्याने छिद्रंही उमटवतात, एका मापाची, एका ओळीत. म्हशीने केस असे ओळीत लावलेले कधी कोणी पाहिले आहेत का? त्याहून खालची जात म्हणजे कातड्याचा चुरा डिंकात मळून थापलेला पत्रा. त्यालाही लेबलावर लेदरच म्हणतात. दोन-तीन पावसाळ्यांत तो सोलायला लागतो. आपल्या ओळखीत एखादा तरी सोफा असतो, ज्यावरून उठल्यावर पाहुण्याच्या पँटला काळा कोंडा चिकटलेला असतो आणि यजमान म्हणतात, "प्युअर लेदर हाय, जरा सांभाळा लागते."

हे सगळं मला कळलं ते आमच्या भाऊजींमुळे. भाऊजी बँकेतून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी सोनेतारण पाहिलं, पीककर्ज पाहिलं, कर्जदारांच्या सबबी पाहिल्या. निवृत्तीनंतर माणसाने बागकाम करावं, हरिपाठ म्हणावा, फार तर पतसंस्थेच्या निवडणुकीला उभं राहावं, अशी ताईची माफक अपेक्षा होती. भाऊजींनी मोबाइलवर कोणा गोऱ्या माणसाला शांतपणे पाकीट शिवताना पाहिलं आणि कुरिअरने हत्यारं मागवली.

खोका उघडला तेव्हा मी हजर होतो. प्रत्येक हत्यार वेगळ्या मखमली पिशवीत. एक पातळ करायची सुरी, एक समान अंतरावर भोकं पाडायचा काटा, एक कडा गोल करायचं कोरणं, एक कडा घासायचा लाकडी दांडा, आणि शिवताना कातडं धरून ठेवायचा लाकडी चिमटा. प्रत्येकाचं इंग्रजी नाव भाऊजींना पाठ. बसस्टँडसमोर लिंबाखाली चपला शिवत बसणारे मामा हीच सगळी कामं एका रापीने, एका आरीने, एका ऐरणीवर आणि मेणाच्या एका गोळ्यावर करतात. त्यांची रापी धार लावून लावून मूळच्या निम्मी उरली आहे. भाऊजींनी आपली सुरी त्यांना दाखवायला नेली. मामांनी ती उलटीपालटी केली, अंगठ्यावर धार पाहिली आणि विचारलं, "भाजीले बरी हाय. कितीले पडली?" भाऊजींनी किंमत सांगितली नाही. पायातल्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो शिवून घेतला, तीस रुपयांचे वीस केले आणि "नेटवर्क नाही हो मामा, उद्या पाठवतो" म्हणून घरी आले.

मग कातडं आलं. कातडं चौरस फुटावर विकतात, पण जनावर काही चौरस नसतं. त्यामुळे मागे शाईने फुटांचा आकडा मारलेला असतो, आणि त्या आकड्यात मान, पोट, पायांची टोकं असं सगळं आलं, तुम्हाला हवं असो वा नसो. भाऊजींनी ते हॉलमध्ये अंथरलं, तर हुबेहूब बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा. वर संग्रामपूर-जळगाव जामोदकडे मान, खाली सिंदखेडराजाकडे मागचे पाय. सोलताना रापी लागून खालच्या अंगाला एक गोल भोक पडलं होतं. ताई म्हणाली, "हे लोणार."

भाऊजींना राग आला तो भोकाचा नाही, डागांचा. गोचिडाने चावल्याच्या बारीक खुणा, तारेच्या कुंपणाचा लांब ओरखडा, मानेवरच्या सुरकुत्या. त्यांनी विकणाऱ्याला फोन लावून "माल डिफेक्टिव्ह आहे" असं सुनावलं, बँकेत कर्जदाराला सुनावत तसं. शेवटी घडी करून ते मामांकडे नेलं. मी सोबत होतो.

मामांनी घडी पूर्ण उघडलीच नाही. एक कोपरा दुमडला, बोटाने दाबला, सोडला, कड डोळ्यांजवळ नेली. मग थुंकीचं बोट मागच्या बाजूला लावून पाणी किती पटकन शोषलं जातं ते पाहिलं.

"सायेब, हे मस्त हाय. परत कायले करता?"

"अहो, डाग किती आहेत!"

"म्हैस हाय ते. काचेच्या पेटीत थोडीच वाढली? गोचीड चावला म्हंजे वरचा थर शाबूत हाय. ज्याले डागच नाई ना, त्याचा वरचा थर घासून काहाडेल असते आन् रंग मारेल असते. तुमी पोरगी पाहाले जाता का पाकीट कराले?"

मग मामांनी त्याच कातड्यावर बोट फिरवत जे शिकवलं, ते कुठल्या गोऱ्या माणसाने इतक्या थोडक्यात सांगितलं नसतं. पाठ आणि पुठ्ठा हा घट्ट भाग, तो कमरेच्या पट्ट्याला. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याच्या दिशेने कापायचा, आडवा कापला तर महिनाभरात लोंबतो. खांद्याला सुरकुत्या असतात, पण जाडी सारखी, ते पाकिटाच्या बाहेरच्या अंगाला चालतं. पोट ताणतं. "पोट कोनाचंबी असो, भरोशाचं नसते," मामा म्हणाले. "ते आतल्या कप्प्याले वापरा, तिथं कोनी पाहात नाई." शेळीचं कातडं पातळ आणि चिवट, चार-पाच चौरस फूट भरतं, अस्तराला उत्तम. गाय-बैलाचं म्हणाल तर 2015 च्या कायद्यानंतर राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आली, त्यामुळे आता बाजारात बहुतेक म्हैस आणि शेळी-मेंढीच.

आणि कमावणं? पूर्वी बाभळीची साल आणि हिरडा पाण्यात घालून कातडं आठवडेच्या आठवडे मुरवत. बाभूळ आमच्या बांधाबांधावर. 1884 साली अमेरिकेत ऑगस्टस शुल्झ नावाच्या माणसाने क्रोमियमच्या क्षाराने कमावण्याचं पेटंट घेतलं आणि आठवड्यांचं काम दिवसावर आलं. आज जगातलं बहुतेक कातडं क्रोमचं. ते मऊ, पाण्याला न घाबरणारं, रंग घट्ट धरणारं. सालीत कमावलेलं कातडं आधी कडक असतं, पाण्याचा डाग लगेच घेतं, पण वापरून वापरून काळसर तुकतुकीत होतं, आणि कडा घासल्या की चकाकतात. क्रोमच्या कातड्याची कड कितीही घासा, मऊ ती मऊच. भाऊजींनी तिच्यावर सकाळभर दांडा फिरवला होता. हे ऐकून त्यांनी विषय बदलला.

मामांचे वडील मोटा शिवत. विहिरीतून पाणी काढायची सोंडेची मोट, जनावराच्या आख्ख्या कातड्याची, वादीने शिवलेली. "तिची शिवन गळली तं मालक रानात उभा राहून बापाले शिव्या दे," मामा म्हणाले. विजेचे पंप आले, मोट गेली, शिव्याही गेल्या आणि काम पण गेलं. मग वहाणा राहिल्या. पुढे प्लास्टिकच्या चपला आल्या तेव्हा वहाणा करायचं थांबून फक्त तुटलेलं शिवायचं उरलं. भाऊजी सगळं वहीत लिहून घेत होते. वहीला कव्हर रेक्झिनचं होतं.

घरी वेगळाच प्रश्न उभा राहिला. कातडं हॉलमध्ये, हॉलला लागून देवघर. ताईने फर्मान काढलं, की चामडं देवघराच्या बाजूला दिसता कामा नये. भाऊजींनी मान्य केलं. गुरुवारी घरी भजनी मंडळ आलं. पखवाज थेट देवासमोर मांडला गेला. त्याच्या दोन्ही तोंडांना शेळीचं कातडं, ते ताणायला चामड्याची वादी, डाव्या पुडीला ताईने स्वतः मळून दिलेली कणीक. भाऊजी कोपऱ्यात बसून पखवाजाकडे आणि ताईकडे आळीपाळीने बघत होते. आरतीनंतर त्यांनी तोंड उघडलं, पण ताईने त्यात प्रसादाचा पेढा घातला. हा वाद महाराष्ट्रात कितीतरी घरांत इथवर येतो आणि पेढ्यावरच मिटतो.

पहिलं पाकीट तयार झालं ते पट्ट्याच्या जाडीच्या तुकड्याचं, साडेतीन मिलिमीटरचं. दिसायला देखणं, पण मिटेना. ताईने त्यावर रात्रभर वरवंटा ठेवला. सकाळी वरवंटा उचलल्यावर पाकिटाने हळूहळू तोंड उघडलं. पाकिटाला एक मिलिमीटरच्या आसपासचं कातडं लागतं, आणि जिथे कप्पे एकावर एक येतात तिथे कडा रापीने छिलून अर्ध्यावर आणाव्या लागतात, नाहीतर चार कप्प्यांची उशी होते. हे छिलणं म्हणजे खरी विद्या. रापी थोडी उभी झाली की कातडं फाटतं, थोडी आडवी झाली की बोट. शिवणही तशीच. भाऊजी एका दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून एकाच भोकातून समोरासमोर ओवतात. अशी शिवण एका जागी तुटली तरी उसवत जात नाही. मामांनी ती ओढून पाहिली आणि "पक्की हाय" म्हणाले. भाऊजींना बढतीचं पत्र आल्यावरसुद्धा एवढा आनंद झाला नव्हता.

मापांचीही एक गंमत आहे. बँकेचं कार्ड जगभर एकाच मापाचं, 85.6 बाय 54 मिलिमीटर. नोटा मात्र आपल्याकडे 2016 च्या नोटाबंदीनंतर आखडल्या. नवी पाचशेची नोट 150 बाय 66 मिलिमीटर, जुनी तिच्यापेक्षा बरीच मोठी होती. म्हणजे आधी शिवलेल्या तमाम पाकिटांत आता नोटा सैल पडतात. भाऊजींनी नव्या नोटेच्या मापाचा कप्पा बेतला, पण नोटा आहेत कुणाकडे? वऱ्हाडी माणसाचं पाकीट उघडून बघा. त्यात गजानन महाराजांचा फोटो, आधार कार्डाची झेरॉक्स, मुलाचा पहिलीतला फोटो (मुलगा आता इंजिनिअर), बंद पडलेल्या एटीएमचं कार्ड, दाताच्या डॉक्टरचं कार्ड, ट्रॅक्टरच्या मेकॅनिकचा नंबर लिहिलेली चिठ्ठी, अक्षरं उडालेलं एसटीचं तिकीट, आणि एक दहाची नोट, जी 'लकी' असल्यामुळे खर्च करायची नाही. पैसे फोनमध्ये. म्हणजे इतक्या निगुतीने आपण जे शिवतो, ती प्रत्यक्षात कागदपत्रांची फाइल आहे, आणि आयुष्यभर ती अंगाखाली दाबून आपण तिच्यावर बसतो. अस्सल कातड्याची खरी परीक्षा ती. लायटर त्यापुढे काहीच नाही.

पाकिटं सुधारली, तसे नातेवाईक वाढले. "भाऊजी, एक आमच्यासाठी पण!" असं म्हणणाऱ्याला पाकिटालाही किंमत असते हे ठाऊक नसतं. भाऊजींनी अंगाच्या कातड्याचे जोडे करून दिले असते तरी त्यांनी माप सांगितलं असतं. तेव्हा माझ्या भाच्याने सुचवलं, की ऑनलाइन विका, 'हँडमेड' लिहा. हा शब्द लिहिला की किमतीला एक शून्य वाढवता येतं, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नाही, पण ते शून्य खऱ्या कारागिराच्या वाट्याला येत नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं. चर्मकारांसाठीचं संत रोहिदास महामंडळ तर राज्यात 1974 पासून आहे. तरी आपण बाजारात कोल्हापुरी घेताना पन्नास रुपयांसाठी अर्धा तास घासाघीस करतो. जून 2025 मध्ये इटलीतल्या मिलानला प्राडा कंपनीचे मॉडेल तशाच चपला घालून चालले. आधी त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं. इकडे ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीची प्रेरणा मान्य केली. ओरडणाऱ्यांत घासाघीस करणारे आपण सगळे होतो, आणि मनापासून ओरडत होतो.

भाऊजींनी किंमत शास्त्रशुद्ध काढली. सामान 190 रुपये. मजुरी 9 तास, आणि तासाचा दर त्यांच्या शेवटच्या पगारावरून 450. एकूण 4240. कागद घेऊन ते मामांकडे गेले, सल्ल्याला म्हणून. पाकीट पाहून मामा खूश झाले. कडेवरून बोट फिरवलं, टाके मोजल्यासारखं केलं.

"झ्याक झालं सायेब. एक सांगू? माह्या पोरानं हे काम केलं असतं तं सोयरीक जुळाले आडवं आलं असतं. त्यानं दुकान टाकलं मोबाइलचं. तुमी केलं तं लोकं छंद म्हन्तात. चांगलं हाय."

भाऊजी जरा चपापले. मग त्यांनी हिशेबाचा कागद पुढे केला. मामांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे साडेचारशे कशाचे?"

"तासाची मजुरी."

"हातानं शिवाची?"

"हो. हातकाम आहे ना!"

"मंग मी इथं लिंबाखाली चाळीस वर्सं काय करून राह्यलो? तुमी बँकेतले. माहा बी हिशोब करून द्या ना याच भावानं."

मला वाटलं, भाऊजी हसण्यावारी नेतील. पण हिशेब समोर आला की त्यांचं हसू आपोआप जातं. त्यांनी खिशातून पेन काढलं. दिवसाचे आठ तास, साडेचारशेने छत्तीसशे. वर्षाचे तीनशे दिवस, पोळा-दिवाळी-पाऊस सोडून. दहा लाख ऐंशी हजार. गुणिले चाळीस.

"चार कोटी बत्तीस लाख," भाऊजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज थोडा बारीक झाला. "यातून आजवर मिळालेले वजा करावे लागतील. पण ते काही फार नसतील." मग सवयीने त्यांनी विचारलं, "व्याज सरळ लावू की चक्रवाढ?"

मामांनी आरीला मेण लावलं, पुढच्या गिऱ्हाइकाची चप्पल ऐरणीवर ओढून घेतली.

"व्याजाचं मागून पाहू सायेब. पयले त्या अंगठ्याचे वीस रुपये द्या. आज नेटवर्क फुल हाय."